स्लाइस (गोल्फ)

स्लाइस हे गोल्फमधील एका वक्र फटक्याचे नाव आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या खेळाडूने मारलेला चेंडू हवेत असताना डावीकडून उजवीकडे ठळकपणे वळत गेला, तर त्या फटक्यास स्लाइस म्हणतात. हौशी खेळाडूंमध्ये सर्वाधिक आढळणारा दोष म्हणून तो ओळखला जातो. होलच्या आरंभी ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबने मारलेल्या फटक्यात तो विशेष जाणवतो. फटक्याच्या क्षणी क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारा पृष्ठभाग, क्लबच्या गतिमार्गाच्या तुलनेत उजवीकडे उघडा असणे हे स्लाइसचे मूळ कारण होय. हा दोष एकदा जडला की वर्षानुवर्षे टिकतो. चेंडू उजवीकडे जातो हे पाहून खेळाडू स्वाभाविकपणे जो उपाय करू लागतो, त्याच उपायाने स्लाइस वाढत जातो, हे त्यामागील कारण आहे.

डाव्या हाताने खेळणाऱ्यांच्या बाबतीत सर्व दिशा उलट होतात. या लेखातील डावे-उजवे हे उल्लेख उजव्या हाताच्या खेळाडूस अनुसरून केले आहेत.

संज्ञा

इंग्रजीतील 'स्लाइस' या शब्दाचा मूळ अर्थ काप किंवा चकती. क्लब चेंडूला सरळ न भिडता तिरका कापत गेल्यासारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडले. मराठीत त्यासाठी पर्यायी शब्द रुळलेला नाही. खेळाडू आणि वृत्तपत्रे 'स्लाइस' असेच म्हणतात. टेनिस आणि टेबल टेनिस या खेळांतही स्लाइस आहे, पण तेथे तो चेंडूला मुद्दाम फिरकी देण्यासाठी योजलेला फटका असतो. गोल्फमध्ये हा शब्द बहुधा तक्रारीच्या सुरातच उच्चारला जातो.

त्याच दिशेने, पण थोडा आणि ताब्यात राहून वळणाऱ्या फटक्यास फेड म्हणतात. उजवीकडून डावीकडे ठळकपणे वळणारा फटका हुक आणि त्याचे सौम्य रूप ड्रॉ होय. चेंडू न वळता सरळच उजवीकडे गेला, तर तो पुश आणि सरळच डावीकडे गेला, तर तो पुल ठरतो. पुश आणि स्लाइस यांत नवख्या खेळाडूची गल्लत होते, कारण दोन्हींत चेंडू शेवटी उजव्या बाजूच्या झाडीतच सापडतो. कारणे मात्र भिन्न आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून चेंडू कोठे पडला यापेक्षा तो कोणत्या दिशेने निघाला आणि मग कोणीकडे वळला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

खेळावरील परिणाम

स्लाइसमध्ये दिशा आणि अंतर या दोहोंचे नुकसान होते. उघड्या फेसमुळे चेंडू अपेक्षेपेक्षा उंच जातो, अधिक फिरतो, लवकर खाली येतो आणि जमिनीवर पडल्यावर फारसा घरंगळत नाही. शंभर मीटरनंतर उजवीकडे झुकू लागलेला चेंडू फेअरवे ओलांडून रफ म्हणजे वाढलेल्या गवतात, बंकरमध्ये किंवा मैदानाच्या सीमेबाहेर जातो.

सीमेबाहेर गेलेल्या चेंडूचा दंड जबर आहे. खेळाडूला एक फटका दंड म्हणून मोजावा लागतो आणि पुन्हा मूळ जागेवरूनच खेळावे लागते. त्यामुळे टीवरून मारलेला दुसरा चेंडू हा त्या होलवरील तिसरा फटका ठरतो. चेंडू हरवला तरी हाच नियम आहे. २०१९ पासून शोधासाठी पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. एका फेरीत असे तीन-चार वेळा घडले की उरलेला खेळ कितीही चांगला झाला तरी गुणसंख्या सावरत नाही.

स्कॉटलंडमधील जुन्या मैदानांवर उजव्या बाजूची ही धास्ती आजही अनुभवता येते. १८६० मध्ये पहिली ओपन स्पर्धा जेथे झाली, त्या प्रेस्टविक मैदानाच्या सध्याच्या पहिल्या होलचे नावच 'रेल्वे' असे असून त्याच्या उजव्या कडेने भिंतीपलीकडून लोहमार्ग जातो. सेंट अँड्रूज येथील ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलवर उजवीकडे हॉटेलची इमारत आणि अठराव्या होलवर उजवीकडे गावचा रस्ता आहे. दोन्ही ठिकाणी सीमा ओलांडलेला चेंडू बाद होतो. डावीकडे मात्र भरपूर मोकळी जागा आहे.

चेंडू का वळतो

फिरत जाणारा चेंडू हवेत वळतो, हे निरीक्षण जुने आहे. आयझॅक न्यूटन याने १६७२ मध्ये टेनिसच्या चेंडूच्या संदर्भात त्याची नोंद केली होती. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख गुस्टाफ माग्नुस याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या परिणामाचा प्रयोगांनी अभ्यास केला, म्हणून त्यास माग्नुस परिणाम असे नाव मिळाले. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला ढकलतो आणि प्रतिक्रिया म्हणून स्वतः विरुद्ध बाजूला ढकलला जातो, असे त्याचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल.

गोल्फच्या चेंडूला हा विचार लावून पाहणारा पहिला महत्त्वाचा अभ्यासक म्हणजे एडिंबरा विद्यापीठातील भौतिकशास्त्राचा प्राध्यापक पीटर गथरी टेट (१८३१–१९०१). टेट स्वतः गोल्फचा निस्सीम भोक्ता होता आणि त्याचा मुलगा फ्रेडी टेट याने १८९६ व १८९८ मध्ये ब्रिटनची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. केवळ वेग आणि गुरुत्वाकर्षण यांच्या आधारे गणित मांडले, तर उत्तम ड्राइव्ह प्रत्यक्षात जितका वेळ हवेत राहतो तितका राहू शकत नाही, हे टेटच्या लक्षात आले. चेंडूला मिळणारी उलटी फिरकी त्याला वर उचलून धरते, असा निष्कर्ष त्याने १८९० च्या दशकातील लेखांतून मांडला. त्या काळी चेंडू मुळीच न फिरणे हे चांगल्या फटक्याचे लक्षण समजले जाई. टेटच्या संशोधनाने ही समजूत खोटी ठरवली. पुढे १९१० मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन यांनीही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूच्या गतिशास्त्रावर व्याख्यान दिले.

चेंडूला उलटी फिरकी आणि बाजूची फिरकी अशा दोन वेगवेगळ्या फिरक्या असतात, असे अनेकदा सांगितले जाते. सोयीसाठी ते चालते, पण वस्तुतः चेंडू एकाच अक्षाभोवती फिरत असतो. तो अक्ष आडवा व समपातळीत असेल, तर चेंडू सरळ वर उचलला जातो. अक्षाची उजवी बाजू खाली कलली की उचलणारे बलही उजवीकडे कलते. विमान एका पंखावर कलून वळण घेते, तसाच हा प्रकार होय. ज्या बलामुळे ड्राइव्ह दूर जातो, तेच बल तिरके होऊन त्याला झाडीत नेते.

मराठी वाचकास येथे क्रिकेटमधील आउटस्विंग आठवणे स्वाभाविक आहे. ती तुलना मात्र फसवी आहे. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूचा स्विंग मुख्यतः शिवणीमुळे होतो, फिरण्यामुळे नव्हे. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्यापूर्वी हवेतच बाजूला सरकतो, तो प्रकार स्लाइसच्या खऱ्या नात्यातला आहे. फुटबॉलमधील वळणारी फ्री किकही त्याच कुळातली.

चेंडूवरील खळग्यांचाही यात वाटा आहे. १८४८ च्या सुमारास प्रचारात आलेले गटापर्चाचे गुळगुळीत चेंडू नवे असताना नीट उडत नसत; वापरून ओरखडे पडलेले चेंडू अधिक दूर जातात, हे खेळाडूंना अनुभवाने कळले. त्यातूनच विसाव्या शतकाच्या आरंभी खळगे असलेला चेंडू आला. खळग्यांमुळे हवेचा रोध घटतो आणि उचल वाढते. वळण हे त्या उचलीचेच तिरके रूप असल्याने, दोष असलेल्या फटक्यात तेही सोबत येते.

फेस आणि मार्ग

ड्रायव्हर आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. सामान्य हौशी पुरुष खेळाडूच्या क्लबचा वेग तेव्हा ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असतो. इतक्या अल्प काळात हाताने काही दुरुस्ती करणे अशक्य आहे. त्या क्षणी फेस कोणीकडे पाहत आहे आणि क्लब कोणीकडे चालला आहे, यांवर चेंडूची दिशा व वळण प्रामुख्याने ठरते.

चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो आणि मग फेसच्या दिशेने वळतो, असे विसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी शिकवले जात असे. ही शिकवण चुकीची होती. अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांच्या १९६८ च्या 'सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' या ग्रंथात फटक्याची शास्त्रीय चिकित्सा केलेली आहे. तरीही सराव मैदानांवर मतपरिवर्तन झाले, ते एकविसाव्या शतकात रडारवर चालणारी मापनयंत्रे आल्यानंतरच. या मापनांनुसार ड्रायव्हरचा चेंडू कोणत्या दिशेने निघेल, हे सुमारे ८५ टक्के फेसवर आणि उरलेले मार्गावर अवलंबून असते. निघाल्यानंतरचे वळण फेस आणि मार्ग यांतील फरकावर ठरते. फेस मार्गाच्या उजवीकडे असेल, तर चेंडू उजवीकडे वळतो.

या नियमाचा एक परिणाम अनपेक्षित वाटतो. समजा, क्लब लक्ष्यरेषेच्या ६ अंश डावीकडे चालला आहे आणि फेस १ अंश डावीकडे आहे. फेस लक्ष्याच्या डावीकडे वळलेला असूनही मार्गाच्या तुलनेत तो ५ अंश उघडाच आहे. असा चेंडू किंचित डावीकडे निघून उजवीकडे वळतो. म्हणजे फेस बंद असतानाही स्लाइस होऊ शकतो. 'उघडा' आणि 'बंद' हे शब्द लक्ष्याच्या संदर्भात वापरले आहेत की मार्गाच्या, हे स्पष्ट न केल्यामुळे शिकवण्यात पुष्कळ घोळ होतो.

ड्रायव्हरवरच अधिक का

सात नंबरच्या आयर्नने बऱ्यापैकी सरळ मारणारा खेळाडू ड्रायव्हर हाती घेताच स्लाइस करू लागतो. (या ड्रायव्हरचा मोटारीशी संबंध नाही, ड्राइव्ह मारण्याचा तो ड्रायव्हर.) आयर्नचा फेस मागे बराच झुकलेला असतो, त्यामुळे चेंडूला मिळणारी फिरकी मुख्यतः उलटी असते आणि फेस थोडा उघडा राहिला तरी फिरकीचा अक्ष फारसा कलत नाही. ड्रायव्हरचा फेस जवळजवळ उभा असतो, बहुधा ९ ते १२ अंश झुकलेला. तेथे तोच दोष अक्षाला पुष्कळ कलवतो. फेस आणि मार्ग यांत ५ अंशांचा फरक असेल, तर वेज या आखूड क्लबच्या फटक्यात अक्ष सुमारे ६ अंश कलेल. ड्रायव्हरच्या फटक्यात तो सुमारे २० अंश कलतो. १८० मीटरच्या ड्राइव्हमध्ये एवढ्या कलाने चेंडू वीस-पंचवीस मीटर बाजूला जातो. दोष दोन्हीकडे तोच असतो; आयर्न तो झाकते आणि ड्रायव्हर उघड करतो. यावरूनच ड्रायव्हरचा झुकाव वाढवल्यास स्लाइस कमी का होतो, हेही कळते. वेगाची हौस म्हणून ९ अंशांचा ड्रायव्हर घेणाऱ्या हौशी खेळाडूला १२ अंशांचा ड्रायव्हर बहुधा अधिक हितावह ठरतो.

याखेरीज ड्रायव्हर सर्वांत लांब असल्याने तो अधिक सपाट फिरतो आणि चेंडू नेमका फेसच्या मध्यभागी लागणे कठीण होते. चेंडू दांड्याकडील बाजूला, म्हणजे हीलला लागला, तर क्लबचे डोके आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते आणि दोन दातेरी चक्रे एकमेकांना उलट फिरवतात त्याप्रमाणे चेंडूला स्लाइसची फिरकी देते. टोकाकडे लागलेल्या चेंडूला हुकची फिरकी मिळते. ड्रायव्हरचा फेस किंचित फुगीर घडवतात, तो याच परिणामाची भरपाई करण्यासाठी. फेस आणि मार्ग बिनचूक असूनही केवळ हीलमुळे स्लाइस करणारे खेळाडू असतात. त्यांनी पकड बदलून काहीच साधत नाही.

दोष कसा जडतो

बहुतेक वेळा सुरुवात पकडीपासून होते. डावा हात दांड्यावर फार डावीकडे वळवून ठेवला, की मनगटे नैसर्गिक स्थितीत परतताना फेस उघडा राहतो. या पकडीला इंग्रजी परिभाषेत 'दुबळी' म्हणतात. तिचा हाताच्या ताकदीशी संबंध नाही. दांडा तळहातात खोलवर धरणे किंवा फार घट्ट आवळणे यानेही मनगटांची हालचाल अडते.

क्रिकेटच्या मैदानावर वाढलेल्या भारतीय खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संभवते. बॅटचे पाते मुठीच्या रेषेतच असते आणि सरळ बॅटने खेळताना ते शेवटपर्यंत गोलंदाजाकडे रोखून धरायचे असते. गोल्फ क्लबचे डोके दांड्याच्या एका बाजूला असते. ते मागे उघडत जाते आणि खाली येताना पुढील हाताच्या फिरण्याने पुन्हा मिटावे लागते. बॅटीप्रमाणे फेस रोखून धरण्याचा प्रयत्न केला, की हे मिटणे राहून जाते.

येथून दुष्टचक्र सुरू होते. चेंडू उजवीकडे जातो, म्हणून खेळाडू पाय आणि खांदे डावीकडे रोखून उभा राहतो. खांदे डावीकडे वळले की क्लबही डावीकडे, बाहेरून आत असा चालतो. मार्ग डावीकडे सरकल्याने फेस आणि मार्ग यांतील फरक वाढतो आणि चेंडू अधिकच वळतो. मग खेळाडू आणखी डावीकडे रोखतो. काही महिन्यांत शरीराला हा मार्ग इतका सवयीचा होतो, की सरळ उभे केले तरी खालच्या झोक्यात उजवा खांदा प्रथम पुढे येतो आणि क्लब बाहेरून चेंडूवर कोसळतो. खेळाडूचे शरीर येथे चुकत नसते. उजवीकडे जाणाऱ्या चेंडूला मैदानात ठेवण्याचा जो मार्ग उपलब्ध आहे, तो ते शिकलेले असते. म्हणूनच 'बाहेरून मारू नका' एवढ्या सूचनेने काही होत नाही.

चेंडू डाव्या टाचेच्या फार पुढे ठेवणे, डोके वर काढण्याच्या घाईने शरीर आधीच लक्ष्याकडे उघडणे आणि अंगबळाने जोरात मारण्याची धडपड, ही आणखी काही साहाय्यक कारणे आहेत. 'डोके खाली ठेव' हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला स्लाइसवर फारसा उपयोगी नाही.

सुधारणा

सुधारणेपूर्वी निदान आवश्यक असते. फेसवर पावडर फवारून किंवा चेंडूवर मार्करची खूण करून दहा-बारा फटके मारल्यास चेंडू मध्यभागी लागतो की हीलला, हे कळते. हीलचे ठसे दिसल्यास चेंडूपासून उभे राहण्याचे अंतर व तोल प्रथम तपासावा लागतो. चेंडू मध्यभागी लागूनही वळत असेल, तर प्रश्न फेस आणि मार्ग यांचा आहे. फोनवर मागून केलेले चित्रीकरणही उपयोगी पडते, मात्र फोन हातांच्या उंचीवर आणि लक्ष्यरेषेला समांतर ठेवला नाही, तर मार्ग भलताच दिसतो.

आधी फेस की आधी मार्ग, हा शिकवणाऱ्यांमधील जुना वाद आहे. दोहोंतून फेस आधी सुधारण्याचा क्रम अधिक सयुक्तिक दिसतो. मार्ग प्रथम सुधारला आणि फेस तसाच उघडा राहिला, तर चेंडू आता उजवीकडेच निघतो. पूर्वी तो निदान डावीकडे निघून मैदानात परतत होता. आता तो थेट झाडीत जातो. असे पाच-सहा फटके पाहिल्यावर खेळाडू नवी शिकवण सोडून जुन्या मार्गाला लागतो. याउलट पकड सुधारून फेस आधी मिटवला, तर मार्ग अजून डावीकडेच असल्याने चेंडू डावीकडे जाऊ लागतो. आयुष्यभर उजवीकडे चेंडू शोधणाऱ्याला हा प्रकार धक्कादायक वाटतो, परंतु प्रगतीचे हे पहिले चिन्ह असते. चेंडू डावीकडे जात आहे हे दिसल्यावर शरीर आपणहून मार्ग उजवीकडे सरकवू लागते. ज्या यंत्रणेने दोष वाढवला, तीच मग उलट दिशेने कामी येते.

पकड सुधारताना डावा हात दांड्यावर उजवीकडे वळवतात. खाली पाहिल्यावर त्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरे दिसावीत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधील रेषा उजव्या खांद्याकडे निर्देश करावी, असा ढोबळ मापदंड आहे. उजवा तळहात साधारणपणे फेसला समांतर राहतो. दोन्ही हात एकमेकांत कसे गुंफायचे (हॅरी व्हार्डनच्या नावाने प्रसिद्ध असलेली पकड, बोटे अडकवण्याची पकड किंवा दहा बोटांची पकड) याला स्लाइसच्या बाबतीत तुलनेने कमी महत्त्व आहे. नवी पकड प्रथम काही दिवस चेंडूविना, घरीच धरून पाहणे हिताचे असते. चेंडू समोर आला की हात जुन्या जागी परततात.

त्यानंतर उभे राहण्याची दिशा येते. जमिनीवर दोन काठ्या समांतर ठेवून, एक चेंडूकडून लक्ष्याकडे आणि दुसरी पायांच्या रेषेत, खांदे खरोखर कोणीकडे आहेत हे पडताळता येते. डावीकडे उभे राहण्याची सवय असलेल्यास सरळ उभे केले, तर आपण फार उजवीकडे रोखत आहोत असे त्याला वाटते. जाणीव आणि वास्तव यांतील हे अंतर प्रत्येक टप्प्यावर भेटते, म्हणून जाणिवेवर विसंबण्याऐवजी काठी, चित्रफीत किंवा चेंडूचे उड्डाण यांवर विसंबावे लागते.

मार्गासाठी प्रचलित असलेल्या अभ्यासांपैकी एक अगदी साधा आहे. क्लबवर घालायची टोपी किंवा रिकामा खोका चेंडूच्या किंचित मागे व पलीकडच्या बाजूला ठेवायचा आणि त्याला धक्का न लावता चेंडू मारायचा. बाहेरून येणारा क्लब खोक्याला आदळतो, त्यामुळे सूचना देण्याची गरज राहत नाही. दोन्ही पाय जुळवून अर्धा झोका घेण्याचा अभ्यास अंगबळाची घाई आवरतो आणि हातांचे मिटणे शिकवतो. खालचा झोका खांद्यांनी नव्हे तर कमरेने सुरू व्हावा, यासाठी झोक्याच्या शिखरावर क्षणभर थांबण्याचाही सराव केला जातो. हे सर्व आधी आठ किंवा सात नंबरच्या आयर्नने, अर्ध्या वेगाने, मग पूर्ण वेगाने आणि शेवटी ड्रायव्हरने करावयाचे असते. सराव मैदानावर गेल्याबरोबर ड्रायव्हर काढून शंभर चेंडू मारणारा खेळाडू बहुधा स्लाइसचाच सराव करीत असतो.

सुधारणेच्या काळात प्रत्यक्ष फेरी खेळावी लागल्यास ड्रायव्हर बाजूला ठेवून टीवरून तीन नंबरचा वूड किंवा हायब्रिड वापरणे श्रेयस्कर. धोका उजवीकडे असेल, तर टी-बॉक्सच्या उजव्या कडेला टी रोवून तेथून फेअरवेच्या डाव्या अर्ध्याकडे खेळता येते. या युक्तीत पाय आणि खांदे त्या नव्या लक्ष्याला समांतर ठेवलेले असतात. वर वर्णिलेल्या दुष्टचक्रापासून ती वेगळी आहे ती याच कारणाने.

पुस्तकांचा आधार घेतानाही सावधगिरी लागते. बेन होगन याचे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेले 'फाइव्ह लेसन्स' हे गोल्फच्या शिक्षणावरील सर्वाधिक प्रभावी पुस्तकांपैकी एक मानले जाते. होगन स्वतः कारकिर्दीच्या पूर्वार्धात हुकने त्रस्त होता आणि चेंडू डावीकडे जाऊ नये म्हणून त्याने आपली पकड 'दुबळी' केली होती. त्याने सांगितलेली पकड स्लाइसच्या रोग्याला मानवतेच असे नाही. विरुद्ध व्याधीच्या माणसाने लिहिलेला तो उपचार आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा.

साधने

स्लाइस कमी करण्याचा दावा करणारी साधने हा मोठा व्यापार आहे. त्यांतील काहींना भौतिक आधार आहे. डोक्यातील वजन हीलकडे सरकवलेले ड्रायव्हर, मुळातच किंचित मिटलेला फेस, फेसचा कोन बदलता येईल असा सांधा आणि अधिक झुकाव यांनी वळण काही अंशी घटते. दांडा थोडा आखूड केल्यास चेंडू मध्यभागी लागण्याची शक्यता वाढते. दांड्याच्या लवचिकतेचा परिणाम मात्र जाहिरातींत सांगितला जातो तेवढा नसतो. ६ अंशांचा फरक असलेला झोका दुरुस्त करील असा क्लब अस्तित्वात नाही.

नियमांनीही साधनांवर मर्यादा घातल्या आहेत. ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरहून अधिक असू शकत नाही. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'पोलारा' नावाचा चेंडू बाजारात आला. त्याच्या मध्यपट्ट्यावरील खळगे आणि दोन्ही ध्रुवांकडील खळगे वेगळ्या घडणीचे होते, त्यामुळे विशिष्ट दिशेने ठेवून मारल्यास तो हवेत आपोआप सरळ होई. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने चेंडू सर्व बाजूंनी सममित असावा असा नियम करून त्याला मान्यता नाकारली. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर तडजोडीने मिटले. सममितीचा नियम आजही लागू आहे. असे चेंडू मित्रमंडळीत खेळण्यासाठी विकत मिळतात, पण स्पर्धेत चालत नाहीत.

नियंत्रित वळण: फेड

डावीकडून उजवीकडे जाणारे वळण स्वतः दोष नव्हे. त्याचे अनियंत्रित असणे हा दोष आहे. हुकचा चेंडू पडल्यावर वेगाने घरंगळतो, फेडचा चेंडू उंचावरून येऊन लवकर थांबतो, म्हणून अनेक श्रेष्ठ खेळाडूंनी फेडला पसंती दिली. जॅक निक्लॉस आणि ली ट्रेव्हिनो हे याबद्दल प्रसिद्ध होते. होगनही हुकवर मात केल्यानंतर फेडकडे वळला. स्कॉटलंडच्या कॉलिन माँटगोमेरीचा नेहमीचा फटकाही हाच.

अमेरिकेच्या ब्रूस लिट्स्के याचे (१९५१–२०१८) उदाहरण विशेष आहे. त्याचा प्रत्येक ड्राइव्ह डावीकडे निघून उजवीकडे येई. हे वळण घालवण्याचा त्याने प्रयत्न केला नाही. ते दरवेळी सारखेच असल्याने तो त्याचा हिशेब धरूनच खेळे. सराव अत्यल्प करण्याबद्दल ख्याती असूनही त्याने पीजीए टूरवर १३ स्पर्धा जिंकल्या. हौशी खेळाडूंना त्याचा दाखला अनेकदा दिला जातो. लिट्स्केचा चेंडू उजवीकडे येत असला, तरी फेस आणि मार्ग यांतील त्याचा फरक लहान होता आणि तो बदलत नसे. हौशी खेळाडूचा फरक मोठा असतो आणि एका फटक्यातून दुसऱ्या फटक्यात बदलतो, हा भेद तेव्हा विसरला जातो.

हेही पाहा

हुक (गोल्फ)
माग्नुस परिणाम
पीटर गथरी टेट
गोल्फ क्लब (साधन)